दोन्ही एकाच इश्यूत लिहू नका
तुम्ही लिहिलंय की व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या एका एक्स्टेन्शनमध्ये (त्याला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) दोन गोष्टी सापडल्या. मराठी मजकूर असलेल्या ओळीत चुकीखालची लाल रेघ भलत्याच जागी उमटते. आणि दुसऱ्याकडून आलेलं फोल्डर नुसतं उघडलं तरी त्यातल्या सेटिंग्जमधली कमांड आपोआप चालते. दोन्हींचा मिळून गिटहबवर एकच इश्यू, म्हणजे सगळ्यांना दिसणारी तक्रार, टाकू का, असं विचारताय. नका टाकू.

लाल रेघेबद्दल खुशाल उघडपणे लिहा. फक्त ‘मराठी नीट चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका, मेंटेनरला, म्हणजे एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्याला, बहुधा देवनागरी वाचताही येत नसते. पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं काम करताना मला हाच बग लागला होता. अक्षरं साठवायच्या दोन पद्धती आहेत: ‘द्राक्ष’ हा शब्द यूटीएफ-१६ मध्ये ७ एककांचा, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा. एडिटर पहिला हिशेब धरतो. एक्स्टेन्शनने बाइट मोजले की पुढची रेघ १४ घरं उजवीकडे सरकते. मी आधी अख्खा प्रोजेक्ट जोडला, कुणी पाहिलाही नाही. मग दोन ओळींची फाइल दिली: एका ओळीत ‘द्राक्ष’ एकदा, दुसरीत दोनदा. चूक १४ आणि २८. त्यावर लगेच दुरुस्ती आली. सोबत एडिटरची आणि एक्स्टेन्शनची आवृत्ती द्या, आणि बाकीची एक्स्टेन्शन्स बंद ठेवूनही बग येतो का ते सांगा.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. एक्स्टेन्शनला तुमच्या खात्याचे सगळे अधिकार असतात: फाइली वाचणं, नेटवर जाणं, प्रोग्रॅम चालवणं. आपल्या नाशिकच्या कॉलेजांत प्रॅक्टिकलचं फोल्डर झिप होऊन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं, आणि पोरं ते डोळे झाकून उघडतात. तुमचा उघडा इश्यू म्हणजे दुरुस्तीआधीच कुणाच्याही हाती लागलेली हल्ल्याची कृती.

आधी हे तपासा: फोल्डर उघडताना ‘विश्वास नाही’ निवडलं, तरी कमांड चालते का? विश्वास विचारायची ही सोय व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून आहे. तरीही चालत असेल तर प्रकरण फार मोठं आहे. विश्वास दिल्यावरच चालत असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. पुराव्याची कमांड निरुपद्रवी ठेवा, एखादी रिकामी फाइल तयार करणारी पुरे.

मग गिटहबवर त्या एक्स्टेन्शनच्या रिपॉझिटरीच्या (त्याचा कोड ठेवलेल्या जागेच्या) सिक्युरिटी टॅबमधून खासगी रिपोर्ट पाठवा. मालकाने ती सोय चालू केली नसेल तर तिथल्या सिक्युरिटी.एमडी (SECURITY.md) फाइलमध्ये ईमेल पत्ता शोधा. तोही नसेल तर उघड्या इश्यूत एकच वाक्य: ‘सुरक्षेबद्दल खासगीत कळवायचंय, कुठे लिहू?’ तपशील शून्य. उत्तराला वेळ द्या, दुरुस्तीसाठी ९० दिवस थांबायचा रिवाज बराच रुळलेला आहे. काहीच हालचाल दिसली नाही तर सर्ट-इनकडे जा, ती सायबर सुरक्षेसाठीची आपली सरकारी यंत्रणा आहे.

लाल रेघेचा मसुदा पाठवण्याआधी इथे टाका, मी वाचून देतो. दुसऱ्या गोष्टीचा मसुदा मलाही दाखवू नका.