तालुका कोर्टात एलईडी बोर्ड लावायचाय: कोणता घ्यावा, कुठं लावावा?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याचं कोर्ट, चार हॉल, इमारत निजामाच्या काळातली दगड-चुन्याची. कोणत्या हॉलात कितव्या नंबरचं प्रकरण चालू आहे ते बाहेर दिसावं म्हणून वकील संघ आणि बांधकाम विभाग मिळून 'मोठा एलईडी' लावणार. कोटेशन देणाऱ्यांपैकी एक पी२.५ म्हणतो (पी म्हणजे पीच, दिव्यांमधलं अंतर), दुसरा पी१०, तिसरा म्हणतो ५५ इंची टीव्ही लावून मोकळे व्हा. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. पण पडद्यावरचा आकडा दिवसभर बदलणार कोण, हे तिघांनीही विचारलेलं दिसत नाही.

मी परभणीचा. मोंढ्यातल्या भावफलकांपासून सुरुवात केली, मग बसस्थानकं, मग कोर्टं. कोर्टातलं माझं पहिलं काम दिसायला फक्कड होतं. पोर्चमध्ये पडदा, हार-नारळ, फोटो. पंधरा दिवसांनी वकिलांचा फोन आला. एक म्हातारे पक्षकार पडद्यावर ७ नंबर बघून निवांत लिंबाखाली बसले. आत ३१ चालू होता. पुकारा झाला, त्यांच्या कानावर आला नाही, गैरहजेरी लागली आणि जामीनपात्र वॉरंट निघालं. वकिलानं अर्ज देऊन ते त्याच दिवशी रद्द करून घेतलं, पण बाबांचा दिवस आणि धीर दोन्ही गेले. पडदा चांगला चालत होता, लोंबकळला होता आकडा. तो बदलायला बेंच क्लर्कला रोजनामा, म्हणजे कामकाजाची नोंद, सोडून दुसरी खिडकी उघडायची, यादीत प्रकरण शोधायचं आणि क्लिक करायचं. समोर साहेब, बाजूला दोन वकील, हातात फाइल. कोण करणार ते?

आता मी प्रत्येक हॉलमध्ये क्लर्कच्या हाताशी एक साधं नंबर-पॅड देतो, हिशेबाच्या मशीनसारखं. बोर्डावरचा (म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतला) अनुक्रमांक दाबा, एंटर मारा, झालं. 'पुढे-मागे' अशी दोन बटणं पुरत नाहीत, कारण बोर्ड ओळीनं चालतच नाही. चारवरून थेट एकोणीसवर जातो आणि जेवणानंतर पुन्हा चारवर येतो. शिवाय प्रत्येक ओळीच्या कडेला 'शेवटचा बदल ११:४२' अशी वेळ दाखवतो. वीस मिनिटं काही बदललं नाही तर ओळ आपोआप फिकी पडते. शिळ्या आकड्यावर भरवसा ठेवून बसण्यापेक्षा माणूस उठून दारात जाऊन उभा राहिलेला बरा. आणि शिपायाचा पुकारा बंद होऊ देऊ नका. पडदा आल्यावर तो आपसूक मंदावतो, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. ज्याला दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो पुकारा हाच पडदा आहे.

आता जागा. सोमवारी सकाळी अकरा वाजता आवारात एक चक्कर मारा आणि माणसं कुठं थांबतात ते बघा. पोर्चमध्ये कुणी थांबत नाही, तिथून फक्त जातात. माणसं असतात लिंबाखाली, चहाच्या टपरीजवळ, टायपिंगवाल्यांच्या टेबलाभोवती आणि हॉलबाहेरच्या व्हरांड्यात. पडदा त्यांच्या तोंडासमोर हवा. बाहेरचा असेल तर पश्चिमेकडं तोंड करू नका. आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या दुपारी त्यावरचं एक अक्षर दिसणार नाही.

पीच म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशेब असा: पी४ असेल तर चार मीटरच्या अलीकडून अक्षर दाणेदार दिसतं, त्यापुढं एकसंध. व्हरांड्यात माणसं पाच ते पंधरा मीटरवर असतील तर पी२.५ वर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पडदा ज्या सुट्या तुकड्यांचा जोडतात ती ३२० बाय १६० मिलिमीटरची मॉड्यूल आडवी आठ, उभी आठ लावली की साधारण साडेआठ फूट बाय सव्वाचार फुटांचा पडदा होतो. पी४ मध्ये त्यावर ६४० बाय ३२० ठिपके मिळतात. मथळ्याची एक आणि चार हॉलच्या चार ओळी धरल्या तर प्रत्येक ओळीला ६४ ठिपके, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर उंची. दहा फुटांना एक इंच अक्षर, हा जुना नियम आहे. त्यानं पन्नास फुटांना पाच इंच पुरतात. मी तरी वाढवूनच धरतो. मोतीबिंदू झालेला माणूसही तारखेला येतोच.

हा हिशेब इंग्रजी अक्षरांचा आहे. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतो. ओळीची निम्मी उंची त्यातच जाते. पी१० चं मॉड्यूल फक्त सोळा ठिपके उंच असतं. त्यात एका ओळीत मराठी बसवली की अक्षराच्या धडाला आठ-नऊ ठिपके उरतात, मग 'क्ष' आणि 'ज्ञ' सारखेच दिसतात आणि 'सूर्यवंशी'चा रफार कुठं गेला ते शोधावं लागतं. १९९८ च्या अधिसूचनेनं जिल्हा-तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, त्यामुळं फलक इंग्रजीत चालवू हा मार्ग मला पटत नाही. म्हणून पी१० फक्त आकड्यांसाठी. लिंबाकडं तोंड करून चार हॉलचे चार मोठे आकडे, प्रत्येकी दोन मॉड्यूल उंच: शंभर फुटांवरूनही वाचता येतात आणि खर्चही कमी. मात्र बाजारात 'सेमी आउटडोअर' म्हणून जे मिळतं ते पावसात उघडं ठेवायचं नसतं. वर पत्र्याचं छत आणि पुढं पारदर्शक शीट हवीच.

टीव्हीवाल्याचंही ऐकून घ्या. 'एलईडी टीव्ही' म्हणजे मागून उजेड दिलेला एलसीडीच. दिवसाची अख्खी यादी वाचायला बार रूममध्ये (वकिलांच्या खोलीत) किंवा व्हरांड्यात जवळून बघायला तो उत्तम, उन्हाच्या तोंडाला नाही. फक्त घरगुती घेऊ नका, रोज दहा-दहा तास चालणारा व्यावसायिक डिस्प्ले घ्या. निविदेत नुसतं 'एलईडी डिस्प्ले' लिहिलं की कमी दराचा माणूस टीव्ही आणून टेकवतो आणि कागदावर तो बरोबर असतो. पीच, मॉड्यूलचं माप, उजेड किती निट्स (निट्स हे उजेडाचं माप) हे लिहूनच द्या. आतल्या पडद्याला सहाशे-आठशे निट्स पुरतात, उघड्यावर पाच हजारांच्या वर लागतात.

कोर्टातले संगणक ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या प्रकल्पाचे, त्यावर विंडोज नसतं, उबुंटू असतं. पडदा चालवणाऱ्या स्वस्त कंट्रोल कार्डांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच चालतं. विक्रेता डेमो स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवतो आणि लॅपटॉप घेऊन निघून जातो! टीव्हीसारखी एचडीएमआय केबल घेऊन चित्र पडद्याकडं पाठवणारं सेंडिंग कार्ड मागा, मग मागं कुठला संगणक आहे याचा प्रश्न राहत नाही. वाय-फाय कार्ड असेल तर कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर समोरच्या झेरॉक्सवाल्याचं पोरगं पडद्यावर क्रिकेटचा स्कोअर टाकेल. कोर्टाच्या नेटवर्कला काहीही जोडायच्या आधी जिल्हा न्यायालयाच्या सिस्टिम विभागाला लेखी विचारा. तेव्हाच हेही विचारा की पडदा प्रकल्पातूनच मिळणार आहे का. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर केलेत. वर्गणी काढून झाल्यावर सरकारी पडदा आला तर संघात भांडणं लागतील.

पडद्यावर नावं टाकायची का? माझं मत: नाही. हॉल, अनुक्रमांक आणि केस नंबर बस. पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) किंवा अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करायची नाही, हा कायदा आहे. पण आरोपी घरातलाच असला तर नुसत्या त्याच्या नावानंही अख्ख्या गावाला मुलगी कळते. नवरा-बायकोचे दावेही भर चौकात झळकवायचे नसतात. पक्षकाराला केस नंबर पाठ नसतो, हे खरंय. सकाळी वकिलाच्या मुनशीनं चिठ्ठीवर अनुक्रमांक लिहून दिला की काम भागतं.

दगडी भिंतीत अँकर बोल्टच्या भरवशावर राहू नका. दगड पक्का असतो, सांध्यातला चुना भुसभुशीत. जमिनीवर उभी चॅनेलची चौकट करा, भिंतीला फक्त टेकू. वर सांगितलेला पडदा पूर्ण पांढरा केला तर दीड-दोन किलोवॅट खाईल. काळ्यावर पिवळी अक्षरं ठेवा, त्याच्या पाव भागात भागतं. सगळे एसएमपीएस, म्हणजे मॉड्यूलना वीज देणारे डबे, एकदम सुरू होताना झटका ओढतात, म्हणून तो झटका सोसणारा सी-कर्व्ह एमसीबी घाला. अर्थिंग स्वतंत्र. इमारतीपासून बाहेरच्या पडद्यापर्यंत तांब्याची लॅन केबल नको, फायबर टाका. मे-जूनमध्ये आपल्याकडं विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. एकदा तांब्याच्या तारेवरून झटका आत आला आणि पडद्याबरोबर आतला स्विचही गेला. ते बिल मी भरलं.

शेवटचं, सुट्या मॉड्यूलचं. चौसष्ट लागत असतील तर त्याच बॅचची चार-पाच जास्तीची आत्ताच घ्या. दोन वर्षांनी त्याच कंपनीचं मॉड्यूल मिळेल, पण रंगाची छटा वेगळी येईल आणि पडदा ठिगळ लावलेल्या गोधडीसारखा दिसेल. ती पेटी पावती करून नाझरांच्या (कोर्टाचं सामान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कपाटात ठेवा. बांधकाम विभागाच्या गोदामात गेली तर परत मिळायला तुम्हालाच दावा दाखल करावा लागेल.