रोजाचा फायदा संध्याकाळी कुठे जातो

तुमचे प्रश्न एकत्रच घेतो. महिनाभर रोजे ठेवूनही वजन दोन किलो वाढलं, दुपारनंतर डोकं ठणकतं, शुगरच्या गोळ्या चालू असूनही आई रोजे धरणारच म्हणते, आणि या सगळ्यात रोजाचा शरीराला खरंच काही फायदा असतो का?

असतो, पण तो मागाहून येणारा आहे. कुरआनातल्या सूरह बकरहच्या १८३व्या आयतीत रोजा फर्ज (बंधनकारक) केल्याचं कारण दिलंय ते तकवा, म्हणजे अल्लाहची जाण ठेवून स्वतःला आवरणं. वजन, पचन, कोलेस्टेरॉल यांचं नावही तिथे नाही. वजन उतरलं नाही म्हणून रोजा वाया गेला असं होत नाही. उतरवायचं असेल तर मात्र ताटाकडे बघावं लागतं.

आत घडतं ते असं. सहेरी, म्हणजे पहाटेचं जेवण, पचायला चार-सहा तास जातात. मग यकृतात साठलेल्या साखरेवर (ग्लायकोजेनवर) शरीर चालतं आणि दहा-बारा तासांनंतर चरबीचा वाटा वाढत जातो. आपल्याकडे रोजा ऋतूप्रमाणे साधारण साडेबारा ते साडेचौदा तासांचा. म्हणजे असर ते मगरिब, दुपारनंतरच्या नमाजीपासून सूर्यास्ताच्या नमाजीपर्यंत, हाच खरा कमाईचा काळ, आणि तो संपता संपताच आपण भज्यांची परात पुढे ओढतो. बहुतेकांचं महिन्यात किलो-दीड किलो उतरतं आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं. वाढलंच असेल तर हिशोब इफ्तारीचा, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडतानाच्या खाण्याचा आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. भजी, समोसे, वर साखरेचं गुलाबी सरबत आणि फिरनी, एवढ्यात दुपारचं जेवण कधीच भरून निघालेलं असतं. त्यानंतर आपण 'जेवायला' बसतो. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण रमजानलाही तंतोतंत लागू पडते.

आणि ते दर वर्षी फिरणारं फॉरवर्ड, 'उपवासाला नोबेल मिळालं' वालं. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचे जुने भाग कसे मोडून वापरतात, त्या यंत्रणेसाठी. काम मुख्यतः यीस्टच्या पेशींवरचं. त्यावरून रोजाने कॅन्सर जातो असं सांगणं विज्ञानावरही अन्याय आणि दीनवर (धर्मावर) ही.

इफ्तारी अशी करून बघा. एक किंवा तीन खजूर, एक ग्लास पाणी, थोडं फळ. लगेच मगरिब पढा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, नमाज तेवढी फट आपोआप देते. मग साधं जेवण: भाकरी, डाळ, भाजी, अंडं किंवा मटणाचे दोन तुकडे. तळण आठवड्यातून एकदा. मुंबईच्या मोहम्मद अली रोडचा मालपोवा खायचाच असेल तर त्या दिवशी तेच जेवण समजा.

डोकेदुखीची कारणं बहुधा दोन. पहिलं चहा. दिवसाला चार-पाच कप घेणाऱ्याचं डोकं शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत दुखायला लागतं, म्हणून पहिले दोन-तीन रोजे सर्वात जड जातात. रमजानच्या आठ-दहा दिवस आधी एकेक कप कमी करत एकावर या, आणि तो कप इफ्तारीनंतर घ्या. दुसरं पाणी. दोन-सव्वादोन लिटर पोटात जायला हवं, पण सहेरीला एकदम लिटरभर ढोसून उपयोग नाही, त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात लघवीवाटे जातं. इफ्तारीपासून झोपेपर्यंत दर तासाला एक ग्लास, सहेरीला दोन. सहेरीत लोणचं, पापड, रात्रीचा खारट खिमा नको. ज्वारीची भाकरी, दही, दोन अंडी, केळं चालेल. रात्री बारालाच जेवून झोपणारे विनाकारण रोजा पाच तासांनी लांबवतात. सहेरी उशिरा करणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे: हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, सहेरी आणि फज्रच्या (पहाटेच्या) नमाजीत सुमारे ५० आयती पढण्याइतकं अंतर सांगितलंय.

नियतबद्दल, म्हणजे रोजाच्या संकल्पाबद्दल एक, कारण घराघरात गोंधळ असतो. कोकणी मुस्लिम बहुतांश शाफई या धर्मशास्त्र परंपरेचे. त्यांच्याकडे रमजानच्या प्रत्येक रोजाची नियत फज्रच्या आधी रात्रीच हवी. हनफी या दुसऱ्या परंपरेत सकाळी, मध्यान्हाच्या आधी केली तरी चालते. नियत मनातली, 'उद्या रोजा' म्हणून सहेरीला उठलात की झाली.

रूहानी (आध्यात्मिक) बाजूलाही गळती तिथेच लागते, जिथे पोटाला लागते. खोटं बोलणं आणि तसं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस बुखारीच्या संग्रहात आहे. असरनंतर साखर उतरते, चिडचिड वाढते, घरात आवाज चढतात. त्यावर उपायही हदीसचाच: कुणी भांडायला आलं तर 'मी रोजेदार आहे' म्हणायचं. तोंडातून हे वाक्य निघेपर्यंत पुढचं बरंचसं जिभेवरच राहतं. तरावीह (रमजानची रात्रीची नमाज) आटोपून अकरापर्यंत झोपा आणि जोहरच्या (दुपारच्या) नमाजीनंतर वीस मिनिटं पडा. अर्धी चिडचिड झोपेअभावी असते.

आता आई. इथे गंमत नाही. २००१ च्या रमजानात १३ देशांतल्या मधुमेहींचा अभ्यास झाला. टाइप २ च्या रुग्णांत साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट निघालं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर धोका जास्त, नुसत्या मेटफॉर्मिनवर कमी. सकाळची गोळी इफ्तारीला नेणं, सहेरीचा डोस कमी करणं हे बदल डॉक्टर करतात. त्यांना रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच भेटा. बोटाला टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे आईला आधी पटवा. सहेरीआधी, दुपारी, असरच्या सुमारास आणि इफ्तारीनंतर दोन तासांनी तपासा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी.

डॉक्टरांनी नाहीच म्हटलं तर सूरह बकरहचीच १८४वी आयत तिच्यासारख्यांसाठीच आहे. बरं होण्यासारखा आजार असेल तर रोजे नंतर भरून काढायचे, नसेल तर फिदया, म्हणजे रोजाच्या बदल्यात गरिबाला धान्य. हनफींकडे दर रोजामागे अर्धा साअ (धान्याचं जुनं माप) गहू, पावणेदोन किलोच्या आसपास. शाफईंकडे एक मुद्द (तेही जुनं माप) धान्य, म्हणजे साधारण ६०० ते ७५० ग्रॅम, कोकणात तांदूळ. नेमकं माप मशिदीत विचारून घ्या आणि धान्य तिच्याच हातून द्या. सहेरीला ती तुमच्यासाठी उठेलच, तेव्हा तिची शुगर बघून तिलाही दोन घास खायला लावा.