दगड भिंतीतून आरपार गेला, तर त्या मुलाला काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववीतल्या एका मुलाने अल्गोडूमध्ये, म्हणजे काढलेल्या वस्तू खऱ्यासारख्या हलवून दाखवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये, दगड फेकणाऱ्या यंत्राचा सीन केला. लांब दांडा, एका टोकाला जड वजन, समोर किल्ल्याची भिंत. दगड भिंतीवर आदळायच्या ऐवजी आरपार गेला. तुम्ही लिहिलंत, ‘कल्पना छान, पण धडक चुकली आहे, सुधार.’ दुसऱ्या दिवशी त्याने सीनच काढून टाकला. आता तुम्हाला वाटतंय की नवख्यांना काही सांगूच नये.

सांगायलाच हवं. पण ‘धडक चुकली आहे’ हे वाचून त्या मुलाने नेमकं करायचं काय होतं? त्याने दांडा काढला, तो फिरावा म्हणून ॲक्सल (आस) बसवला, वजन टांगलं. धडक त्याने लिहिलेली नाही, तिचा हिशेब प्रोग्राम करतो. जे त्याने केलंच नाही त्याची चूक त्याच्या नावावर पडली, आणि दुरुस्तीची वाट मात्र दिसली नाही.

तो सीन काढला जाण्याआधी मी उघडून पाहिला होता. दगड भिंतीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण 30 मीटर असतो. सीनची फ्रिक्वेन्सी 60, म्हणजे कोण कुठे आहे हे प्रोग्राम सेकंदातून 60 वेळा पाहतो. दोन हिशेबांच्या मधे दगड अर्धा मीटर पुढे सरकतो. भिंत 20 सेंटिमीटर जाड, दगड 10 सेंटिमीटरचा. एका हिशेबात तो अलीकडे असतो, पुढच्या हिशेबात पलीकडे. भिंतीत तो सापडतच नाही, मग धडक होणार कशी? यंत्र उत्तम बांधलं होतं म्हणूनच दगडाला इतका वेग आला, आणि ही गोष्ट त्याला कोणीच सांगितली नाही.

फोटोवर किंवा कवितेवर मत देणं वेगळं, अल्गोडूच्या सीनवर देणं वेगळं. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात एमिल एर्नरफेल्ट यांनी 2008 मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘फन’ हा प्रोग्राम केला, त्यातूनच पुढे अल्गोडू आलं. चित्र काढा, प्ले दाबा, मग वस्तू पडतात, घसरतात, तरंगतात. सीन म्हणजे चालू स्थितीतला प्रयोग असतो आणि तो उघडून कोणीही तपासू शकतो. म्हणून सीन न चालवता दिलेल्या मताला माझ्या लेखी काहीच किंमत नाही. मी आधी काहीही न बदलता एकदा पूर्ण चालवतो. मग वेग कमी करून गडबडीची जागा शोधतो. त्यानंतर कॉपी सेव्ह करून तिच्यात एकच गोष्ट बदलतो. घर्षण, घनता आणि मोटर एकदम बदलली आणि सीन सुधारला, तर कशामुळे सुधारला हे मलाच कळणार नाही, मग त्याला काय सांगणार?

आणि कधीकधी सीन बरोबर असतो, मत देणारा चुकतो. काही वर्षांपूर्वी एकाने लंबकाचा सीन टाकला होता. लांबी 1 मीटर, दांडी जवळपास बिनवजनाची, हवेचं घर्षण बंद. त्याने लिहिलं होतं, दोलनकाल 2.15 सेकंद. सूत्राने 2.01 येतो, म्हणून मी ठामपणे लिहिलं की गुरुत्वाकर्षणाची किंमत तपास. लंबक त्याने 60 अंशांवरून सोडला होता हे मी पाहिलंच नव्हतं. ते सूत्र लहान कोनांसाठी आहे, 60 अंशांना दोलनकाल सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. त्याने शांतपणे 10 अंशांवरून सोडून दाखवला: 2.01. तेव्हापासून मी ‘चुकलं’ लिहिण्याआधी विचारतो, ‘हा कोन मुद्दाम ठेवलाय का?’ हेतू माहीत नसेल तर दोष काढताच येत नाही. कोणाला चंद्रावरची गाडी हवी असते, कोणाला नुसती मजा.

कारण न शोधता दिलेला सल्ला माणसाला भलतीकडेच नेतो. घाट चढणाऱ्या ट्रकचा एक सीन आठवतो. चांगला दिसावा म्हणून करणाऱ्याने ट्रक, चाकांसकट, दुप्पट आकारात पुन्हा काढला. तो चढेना. चौघांनी सांगितलं, टायरचं घर्षण वाढव. पण चाकं घसरत नव्हतीच, ती जागच्या जागी अडली होती. अल्गोडूचं जग सपाट आहे, तिथे वजन क्षेत्रफळावर ठरतं. लांबी-उंची दुप्पट म्हणजे वजन चौपट, शिवाय चाकाची त्रिज्या दुप्पट. तोच चढ चढायला मोटरला आठपट टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, हवा, आणि आकडा जुनाच राहिला होता. एवढं सांगितल्यावर त्याने टॉर्क वाढवला आणि ट्रक चढला. पुढचा सीन त्याने आकार ठरवूनच सुरू केला.

कौतुकाचंही तसंच. ‘मस्त’, ‘भारी’ लिहायला हरकत नाही, पण त्यातून करणाऱ्याला हाती काही लागत नाही. ‘स्प्रिंगचं डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा रोध) तू इतकं नेमकं ठेवलंस की गाडी खड्ड्यातून गेल्यावर एकदाच हलते’ असं लिहिलं की त्याला कळतं, आपलं काम कोणीतरी नीट पाहिलंय. पाण्याचे हजारो कण ओतून सीन रखडत असेल तर एका ओळीत सांगावं, त्यावर व्याख्यान नको. दुसऱ्याचा सीन घेऊन बदल केले असतील आणि मूळ माणसाचं नाव दिलं नसेल, तर ते मात्र स्पष्ट सांगावं, शक्यतो खासगीत.

आता त्या मुलाबद्दल. सीन निघाला असला तरी त्याला निरोप पाठवता येतो. मी असं लिहीन: ‘तुझं यंत्र मी चार वेळा चालवून पाहिलं. वजन खाली येताना दांड्याचं टोक जो वेग घेतं तो बघण्यासारखा आहे. दगड इतका वेगात जातो की प्रोग्रामच्या दोन हिशेबांच्या मधेच तो भिंत ओलांडतो. फ्रिक्वेन्सी 60 वरून 240 कर, मग तो एका हिशेबात साडेबारा सेंटिमीटरच सरकेल आणि भिंतीला लागेल. कॉम्प्युटर रखडला तर फ्रिक्वेन्सी तशीच ठेव आणि भिंत मीटरभर जाड करून बघ, किल्ल्याला शोभेलही. जमलं की परत टाक, मला भिंत पडताना बघायची आहे.’

आजच पाठवा. तुमच्या आधीच्या वाक्याबद्दल त्याची एका ओळीत माफीही मागा.