वडिलांच्या पत्रिकेतली ३९ मिनिटं

या महिन्यात एक गंमत झाली. ठाणे आणि नवी मुंबईतल्या चार वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांना ओळखत नसताना, फिरून फिरून वेळेबद्दलच विचारलंय. मग म्हटलं कपड्यांना नीळ का घालायचे वगैरे प्रश्न पुढच्या अंकात, आज घड्याळच घेऊया. शेवटी एक मिठाचा घेतलाय कारण तो तातडीचा आहे, पावसाळा थांबणार नाही आपल्यासाठी.

नौपाड्यातले एक काका लिहितात: बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, घर रिकामं करताना वडिलांची पत्रिका सापडली. जन्म गिरगाव, १९३८. वेळ सकाळी ७.१० मुं. टा. आणि बाजूला वेगळ्या शाईत ७.४९ स्टँ. टा. एकच माणूस दोनदा कसा जन्मला?

काका, ही पत्रिका जपून ठेवा, रद्दीत देऊ नका. मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम आणि स्टँ. टा. म्हणजे स्टँडर्ड टाइम. मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं आणि ते आत्ताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे चालायचं. ७.१० मध्ये ३९ मिळवा, ७.४९ येतात की नाही? ज्याने कोणी ती दुसरी शाई वापरली त्याचं गणित पक्कं होतं.

आता हे ३९ कुठून आले. पृथ्वी २४ तासांत एक गिरकी घेते, म्हणजे ३६० अंश, म्हणजे एक अंश फिरायला ४ मिनिटं. भारताचं घड्याळ लावलंय ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपण इकडे ७३ अंशांच्या आसपास. साडेनऊ अंशांचा फरक गुणिले ४, झाली ३८ मिनिटं, मुंबई अजून थोडी पश्चिमेला म्हणून ३९. म्हणजे मिर्झापूरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा ठाण्यात त्याला माथ्यावर यायला अजून अडतीस मिनिटं असतात, आणि पूर्वी प्रत्येक मोठं शहर आपापल्या सूर्यावर घड्याळ लावायचं, त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. वाटलं ते रेल्वेला. प्रत्येक गावाची वेळ वेगळी असेल तर टाइमटेबल छापणार कसं? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली, जी मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास पुढे होती. स्टेशनवरचं घड्याळ एक सांगतंय आणि गावातलं दुसरं, आणि गाडी सुटली की भांडण कुणाशी करायचं ते कळत नाही, असा सगळा प्रकार.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने मुंबई शहरावर पण मद्रास टाइम लावून बघितला, लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला सगळ्या देशासाठी एकच स्टँडर्ड टाइम आला, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आजही तोच आहे. त्याच जानेवारीत मुंबईत काही हजार गिरणी कामगारांनी काम टाकून दगडफेक केली. आपल्याला वाटेल घड्याळावरून कसली दगडफेक, पण त्यांच्या बाजूने बघा ना, भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार म्हणजे तेवढ्या जास्त अंधारात उठून निघायचं, आणि संध्याकाळी मालक तेवढाच लवकर सोडेल याची खात्री कोण देणार. मला तरी त्यांचा राग पटतो. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या, शहराचा बराच कारभार मुंबई टाइमवरच राहिला, आणि तो शेवटी संपला १९५५ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी मुंबईत "कुठल्या टायमाने सात?" हा प्रश्न विचारावा लागत होता.

जाता जाता, घरात कुणाचा जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधला असेल तर त्यांचीही पत्रिका बघा. महायुद्धामुळे त्या काळात स्टँडर्ड टाइम अजून एक तास पुढे ढकलला होता. जुने ज्योतिषी तो तास वजा करायचे. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो वा नसो (माझा नाही), वजाबाकी तरी बरोबर हवी.

ऐरोलीच्या एक ताई विचारतात: २१ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस असं शाळेत शिकवलं. पण मी रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूला चालायला जाते, मला तर अंधार नोव्हेंबरच्या शेवटीच सगळ्यात लवकर पडतो असं वाटतं. माझं काही चुकतंय का?

काहीच चुकत नाहीये, उलट तुम्ही बघताय हे भारी आहे. आपल्याकडे सगळ्यात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, सहाच्या सुमारास. आणि सगळ्यात उशिरा सूर्योदय थेट जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या आसपास. दिवस सगळ्यात छोटा २१-२२ डिसेंबरलाच, ते शाळेचं बरोबर आहे, पण तो दोन्ही टोकांनी सारखा आखडत नाही.

वर काकांना सांगितलं की ठाण्यात सूर्य माथ्यावर यायला बारा अडतीस होतात, ते सरासरीने. खरं म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२.२२ लाच येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला जवळजवळ १२.५२ ला. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन्हीमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत बरोब्बर २४ तास भरत नाहीत, डिसेंबरात तर रोज अर्धा अर्धा मिनिट जास्त लागतं. म्हणजे दिवस आखडतोय आणि त्याच वेळी आख्खा दिवस घड्याळावर पुढे पुढे सरकतोय. संध्याकाळचं आखडणं या सरकण्यात बुडून जातं म्हणून सूर्यास्त डिसेंबरआधीच परत उशिराकडे वळतो, सकाळ मात्र डिसेंबर संपला तरी उशिरा उशिरा होतच राहते. ऑफिसला जाणारे म्हणतात ना, जानेवारीत उठवत नाही, त्यांना सूट द्या थोडी.

वाशीचा एक पाचवीतला मुलगा (पत्र आईच्या अक्षरात): घड्याळाचे काटे त्याच बाजूने का फिरतात?

कारण घड्याळ बनवणाऱ्यांनी सावलीची नक्कल केली. युरोपात यांत्रिक घड्याळं आली तेव्हा लोकांना सवय होती सावलीच्या घड्याळाची, आणि तिकडे सूर्य कायम दक्षिणेच्या बाजूने जातो, त्यामुळे सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला. हाताने फिरवून बघ, आपल्या काट्यांसारखीच फिरते.

पण तुझ्यासाठी एक खास गोष्ट आहे जी युरोपातल्या मुलाला बघता येणार नाही. मेच्या मध्यात एक दिवस ठाणे-वाशीकडे दुपारी १२.३५ च्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशीच होते. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली पडते दक्षिणेला! म्हणजे त्या दिवसांत दुपारच्या आसपास सावली पश्चिमेकडून दक्षिणेमार्गे पूर्वेला जाते, घड्याळाच्या उलटी. जूनमध्ये ढग येतात म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर मीटरभर काठी अगदी सरळ उभी कर आणि बारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण कर. दुपारी सावली जेमतेम चार सेंटीमीटर असेल, नीट बघावं लागेल. टोपी घाल, आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेव.

कोपरखैरण्यातून: रविवारनंतर सोमवारच का? आणि मराठीत सोम म्हणजे चंद्र आणि इंग्रजीतही तो चंद्राचाच दिवस, हे कसं जमलं?

हा माझा लाडका प्रश्न आहे. ग्रह तर या क्रमाने नाहीत, ना अंतराने ना आकाराने, मग रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे आलं कुठून?

जुने लोक ग्रह मोजायचे त्यांच्या वेगावरून. सगळ्यात हळू शनी, मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यात पळपुटा चंद्र. दिवसाच्या २४ तासांतला प्रत्येक तास एकेका ग्रहाला वाटून दिला, याच क्रमाने, आणि ज्याचा पहिला तास त्याच्या नावाने वार. समजा पहिला तास शनीचा. सात सात करत एकविसाव्या तासापर्यंत तीन फेऱ्या संपल्या, बाविसावा परत शनी, तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास? सूर्याचा. झाला रविवार. असंच सूर्यापासून मोजा, चंद्रावर येता. चंद्रापासून मोजा, मंगळावर. बोटांवर करून बघा, लोकलमध्ये ऐरोली ते ठाणे प्रवासात आरामात होतं.

आर्यभटानेही हेच सांगितलंय, वेगाच्या क्रमातला दर चौथा ग्रह वाराचा स्वामी. या तासाला आपल्याकडे होरा म्हणतात. वराहमिहिराने त्याची फोड दिलीय की अहोरात्र शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढा, उरला होरा. गोड आहे, पण अभ्यासक म्हणतात शब्द ग्रीकांकडून आलाय, आणि इंग्रजीतला अवर पण त्याच मुळाचा. म्हणूनच वार दोन्हीकडे जुळतात, ग्रहांचा आठवडा भूमध्य समुद्राच्या बाजूने फिरत फिरत इकडे पोचला. अशोकाच्या लेखांत तिथी आहे, तिष्य नक्षत्र आहे, वार नाही. वाराचा आपल्याकडचा अगदी जुना उल्लेख मध्य प्रदेशात एरणच्या स्तंभावर आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. म्हणजे संकष्टी, एकादशी ही आपली फार जुनी मोजणी, पण सोमवारचा उपास कितीही सनातन वाटला तरी त्यातला सोमवार हा मागाहून आलेला पाहुणा.

कळव्याहून, घाईत लिहिलेलं: मिठाला पाणी सुटतंय, काय करू?

मीठ मुळात इतकं ओलं होत नाही, शुद्ध असेल तर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच ते पाझरतं. पण समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहतं, ते बिचारं ३३ टक्क्यांनाच विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जुलैत हवा नव्वदीला टेकते. म्हणून खडेमीठ जास्त पाझरतं, रिफाइन्ड कमी. थोडे तांदूळ तव्यावर कोरडे भाजून, गार करून बरणीत टाका, घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि गॅसच्या शेजारून हलवा, कुकरची वाफ सगळी तिथेच जाते. ओला चमचा कोण घालतं ते घरातल्या घरात शोधा, त्यात मी पडत नाही.