खोडव्याचं बेणं नको आणि पाचट जाळू नको

भाऊ, दौंडकडे आडसाली ऊस (पावसाळ्यात लावायचा, दीडेक वर्षाचा) लावायचा बेत असेल तर १५ जुलै ते १५ ऑगस्ट ही वेळ धर. पण आधी बेणं, म्हणजे लागणीसाठीचा ऊस, बघ. शेजारचा फुकट देतो म्हणून खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, आणू नकोस. काणी आणि गवताळ वाढ हे रोग त्यातून शेतात शिरतात. बेणेमळ्यातला १० ते ११ महिन्यांचा, रसरशीत, फुगीर डोळ्यांचा ऊस घे. को ८६०३२ ही जात नवख्याला बरी. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, त्यात टिपरी (उसाचे तुकडे) १० मिनिटं बुडव. दोन डोळ्यांचं टिपरं ठेवताना डोळे बाजूला यावेत. एक खाली गेला की उगवण मागेपुढे होते, मग नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरत बसायचं.

सरी पाच फुटी पाड, ठिबक टाक. मोकाट पाण्याने ऊस वाढत नाही, जमीन मात्र चोपण, म्हणजे घट्ट आणि खारवट, होते.

तोडणीनंतर स्वतःचा खोडवा ठेवताना बुडखे जमिनीलगत छाट, नाहीतर वरच्या डोळ्यांचे फुटवे लुळे येतात. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलंस तर सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं. सरीत दाबून टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाक. उंदरांवर लक्ष ठेव.