दोन महायुद्धांमधल्या रहस्यकादंबऱ्या : प्रेम का रखडतं?

तुम्ही विचारलंय की दोन महायुद्धांमधल्या काळातल्या, प्रेमकथा असलेल्या रहस्यकादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात, आणि त्यातल्या दोघांचं जुळायला तीन-तीन पुस्तकं का लागतात. लेखक पाणी घालतात का? आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

पाणी घालणारेही आहेत. पण चांगल्या कादंबरीत प्रेम अडतं ते त्या काळातल्या खऱ्या अडचणीपाशी, आणि बहुतेक वेळा गुन्ह्याची गाठही तिथेच असते.

सुरुवात मुंबईपासूनच करा. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (2018). साल 1921. परवीन मिस्त्री ऑक्सफर्डला कायदा शिकून आलीय आणि फोर्टात ब्रूस स्ट्रीटवर (म्हणजे आजच्या होमी मोदी स्ट्रीटवर) वडिलांच्या कचेरीत काम करते. कोर्टात मात्र तिला उभं राहता येत नाही. आपल्याकडे बायकांना वकिलीची वाट कायद्याने मोकळी झाली ती 1923 मध्ये. इकडे मलबार हिलवर एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. आपला हक्क वक्फला देण्याच्या त्यांच्या कागदावरच्या सह्या परवीनला खटकतात. पुरुष वकिलाला त्या बायकांसमोर जाताच येत नाही, म्हणून एकेकीला विचारायला हीच जाते. कोर्टाने दाराबाहेर ठेवलेली बाईच त्या घरात शिरू शकते. अख्खं रहस्य यावर उभं आहे, आणि मला हे फार आवडतं.

तिचं स्वतःचं लग्न मोडलंय, पण कायद्याने सुटलेलं नाही. 1865 च्या पारशी विवाह कायद्यात नुसत्या मारहाणीवरून बायकोला वेगळं राहण्याची परवानगी मिळे, घटस्फोट नाही. पुढे 'द सातापूर मूनस्टोन'मध्ये (2019) तिला कॉलिन आवडू लागतो. तो इंग्रज आहे ही एक अडचण, आणि कागदोपत्री ती अजून दुसऱ्याची बायको आहे ही त्याहून मोठी. मग जुळायला वेळ लागणारच ना!

नंतर डोरोथी सेयर्स. ही पुस्तकं त्याच काळात लिहिलेली, त्यामुळे ऐतिहासिक म्हणता येणार नाहीत, पण यांच्याशिवाय हा प्रकार कळत नाही. 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये (1930) रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट व्हेन आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. लग्न न करता ज्याच्याबरोबर राहिली, त्याला आर्सेनिक दिल्याचा आरोप. हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी तिला फासावरून सोडवतो, मागणी घालतो, आणि ती नाही म्हणते. ज्याने जीव वाचवला त्याला दिलेला होकार प्रेमाचा की उपकाराच्या ओझ्याचा, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही. 'हॅव हिज कारकेस' (1932) लांबलंय, तरी गाळू नका. 'गॉडी नाइट' (1935) ऑक्सफर्डच्या बायकांच्या कॉलेजात घडते. त्यात खून नाही, निनावी घाणेरडी पत्रं आहेत. बाईने आपलं बौद्धिक काम आणि संसार दोन्ही मागावं का, हा हॅरिएटपुढचा पेच त्या पत्रांच्याही मुळाशी आहे. सेयर्स यांनी अभ्यास 1915 मध्ये संपवला, पण पदवी मिळाली 1920 मध्ये, कारण ऑक्सफर्ड तोवर बायकांना पदवीच देत नव्हतं. त्या कादंबरीतली धग तिथून आलीय.

जॅकलिन विन्स्पिअर यांची 'मेझी डॉब्स' (2003) पहिल्या महायुद्धात नर्स असलेल्या मुलीची. तिचं प्रेम कुठे अडलंय ते शेवटाकडे कळतं, म्हणून सांगत नाही. निव्वळ हलकंफुलकं हवं असेल तर केरी ग्रीनवुड यांची, 1928 च्या मेलबर्नमधल्या फ्रायनी फिशर या गुप्तहेर बाईची पुस्तकं.

पण सेयर्स यांची चारही क्रमानेच वाचा. शेवटच्या 'बसमन्स हनिमून'मध्ये (1937) हॅरिएट आणि पीटरचं लग्न झालंय, खुनीही सापडलाय. पीटर 1918 मध्ये, युद्धात, तोफगोळ्याच्या खड्ड्यात गाडला जाऊन वाचलेला माणूस. त्याच्या तपासामुळे एकाला फाशी होणार असते, त्या रात्री तो हॅरिएटकडे कसा येतो ते सावकाश वाचा.