दुचाकी सल्ला : डोंगरवाटेच्या मोटारसायकलीत कोणते बदल, आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. माझे वय ३४ आणि वजन ८२ किलो आहे. चार महिन्यांपूर्वी मी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल वापरलेली विकत घेतली. महिन्यातून दोन रविवार मी त्र्यंबकच्या पुढे निरगुडपाडा, वैतरणा धरणाचा परिसर किंवा पेठ-सुरगाण्याकडच्या कच्च्या वाटांवर जातो. एरवी गाडी कामावर जाण्या-येण्यासाठी वापरतो. बदलांसाठी ६० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. एका दुकानदाराने सायलेन्सर, लोखंडी क्रॅश गार्ड, चार जादा दिवे, मागे सांगाडा व पेटी आणि बटन टायर अशी यादी करून दिली आहे. ही यादी योग्य आहे का? नसल्यास आदर्श बदल कोणते आणि ते कोणत्या क्रमाने करावेत?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : यादी करताना दुकानदाराने आपले वजन विचारले होते का, हे आधी आठवून पाहावे. कच्च्या वाटेवर गाडी कशी वागेल हे सर्वाधिक दोन गोष्टींवर ठरते : स्प्रिंगवर येणारा एकूण भार आणि जमिनीला टेकणारे रबर. आपल्या यादीत पहिल्या गोष्टीचा विचार मुळीच नाही आणि दुसरीचा अर्धवट आहे. उलट क्रॅश गार्ड, सांगाडा आणि पेटी मिळून गाडीवर किती किलो चढणार आहेत, हे दुकानातच काट्यावर ठेवून पाहण्यासारखे आहे. गाडी मुळात सुमारे १५९ किलोची आहे. दगडी चढावर ती आडवी पडते तेव्हा उचलायला बहुधा आपण एकटेच असतो, आणि हौसेने चढवलेला प्रत्येक किलो त्या वेळी कमरेला कळतो.

पहिल्या महिन्यात पैसे खर्चच करू नयेत, असे मी सुचवेन. गाडी घरासमोर कोणाला तरी सरळ धरायला सांगावी आणि फूटरेस्टवर उभे राहून पाहावे. गुडघे किंचित वाकवलेल्या स्थितीत हात हँडलवर ठेवल्यावर मनगट आणि लिव्हर एका रेषेत यायला हवेत. नव्या गाडीचे लिव्हर बसून चालवण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात, त्यामुळे उभे राहिल्यावर मनगट वर मोडते आणि तासाभरात हात भरून येतात. लिव्हरचे क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवावेत. क्लॅम्पखाली नळजोडणीत वापरतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टी दोन वेढे गुंडाळून स्क्रू बेताचेच आवळले, तर गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. दहा-वीस रुपयांच्या या पट्टीने माझे किमान तीन लिव्हर वाचवले आहेत. एवढे करूनही पाठ वाकत असेल तरच हँडल उंच करणारे रायझर घ्यावेत. ते बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, याची खात्री मात्र करावी.

त्यानंतर सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसते, ते मोजावे. यासाठी मोजपट्टी आणि घरातील दोन माणसे पुरेशी आहेत. एकाने गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचे चाक जमिनीपासून सुटे करावे. चाकाच्या अॅक्सलच्या मध्यापासून वर सरळ रेषेत मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करावी आणि हे अंतर लिहून ठेवावे. मग आपण हेल्मेट, बूट आणि पाठीवरच्या पिशवीसह गाडीवर बसावे, गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. समजा पहिले अंतर ५६० मिमी आणि दुसरे ४९० मिमी आले, तर सॅग ७० मिमी झाला. आपल्या गाडीच्या मागील सस्पेन्शनची एकूण हालचाल १७० मिमी आहे आणि स्वारासह सॅग तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे ५५ मिमीच्या आसपास असावा. जास्त असेल तर शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचे प्रमाण, वाढवावा.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते. म्हणून सॅग बरोबर आणल्यानंतर तिसरे माप घ्यावे : स्वाराशिवाय, स्वतःच्या वजनाने गाडी किती बसते ते. ती जेमतेमही बसत नसेल, तर त्याचा अर्थ आपल्याला हव्या त्या उंचीवर आणण्यासाठी मऊ स्प्रिंगला फाजील दाबावे लागले, आणि आपल्या वजनाला अधिक कडक स्प्रिंग हवी. आपले ८२ किलो, पाठीवरची पिशवी आणि हत्यारे पाहता तसे निघण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्या परिस्थितीत ६० हजारांतील मोठा हिस्सा पुढच्या फोर्कच्या आणि मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर खर्च करावा. त्यावर पेटी लादली, तर हा सगळा हिशेब पुन्हा बिघडतो. याच गाडीच्या ‘प्रो’ आवृत्तीत पुढे २५० आणि मागे २२० मिमी हालचाल मिळते, परंतु तिच्या सीटची उंचीही ८२५ वरून ८९१ मिमी होते. खाच-खळग्यांत दर पन्नास मीटरवर पाय टेकावा लागणाऱ्या स्वाराने त्या उंचीच्या मोहात पडू नये.

टायरबाबत दुकानदाराची दिशा बरोबर आहे, पण मोठ्या गुठळ्यांचे पूर्ण बटन टायर आपल्यासाठी नाहीत. आपली बहुतेक धाव डांबरावर आणि काँक्रीटवर आहे. पावसात द्वारका चौकात अचानक ब्रेक लावावा लागला, तर त्या तुटक गुठळ्यांचा जमिनीला टेकणारा भाग फार थोडा असतो. रस्ता आणि माती दोन्हींसाठी बनवलेले टायर मूळ मापातच, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८, घ्यावेत. त्र्यंबक-पेठ पट्ट्यातील लाल माती आणि मुरूम यांवर ते भागतात. सिन्नर-निफाडच्या ओल्या काळ्या मातीपुढे कोणताच टायर फार काळ टिकत नाही. ती माती गुठळ्यांमध्ये आणि मडगार्डखाली भरून चाकच अडवते, म्हणून पावसाळ्यात तिकडची वाट सोडावी.

टायरइतकेच लक्ष ट्यूबकडे द्यावे. आपल्या गाडीची चाके स्पोकची आणि ट्यूबची आहेत. कच्च्यात हवा सहा-आठ पीएसआयने कमी केल्यास टायर दगडाला मिठी मारतो आणि पकड वाढते, पण रिमलॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून त्याला आतून दाबून धरणारा तुकडा) नसताना १८ पीएसआयच्या खाली जाऊ नये. हवा कमी झाली की दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. जाड, हेवी ड्यूटी ट्यूब घ्याव्यात आणि वाल्व्हच्या देठावरची चकती रिमला आवळू नये, वरच्या टोपणाला लावून ठेवावी. ही चकती मी एकदा रिमला घट्ट आवळली होती. पेठच्या अलीकडे कमी हवेत टायर रिमवर सरकत गेला, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली गेली आणि देठ मुळापासून उपटला. चकती सैल असती, तर देठ तिरका झालेला सकाळीच दिसला असता. मुळाशी फाटलेल्या देठाला पॅच चालत नाही आणि जवळ दुसरी ट्यूब नव्हती, त्यामुळे गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. पुढची २१ इंची ट्यूब सोबत ठेवली, तर ती अडचणीच्या वेळी मागच्या १८ इंची चाकातही घडी घालून कामापुरती चालते. उलट होत नाही.

संरक्षणासाठी तीन वस्तू पुरेत : आतून अॅल्युमिनियमची पट्टी असलेले हँडगार्ड, इंजिनाखाली चांगल्या जाडीची अॅल्युमिनियमची बॅश प्लेट आणि ऑइल कूलरपुढे जाळी. बॅश प्लेटला ऑइलच्या नटासाठी आणि चिखल निघून जाण्यासाठी भोके आहेत का, ते पाहून घ्यावे, नाहीतर दर सर्व्हिसिंगला प्लेट उतरवावी लागते. रुंद लोखंडी क्रॅश गार्ड अरुंद चरात दोन्ही बाजूंना घासतो, म्हणून तो मी वगळतो.

गेअरिंगमध्ये फार गुंतू नये. चढावर पहिला गेअर लांब वाटत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करणे हा स्वस्त उपाय आहे. पुढे १३ आणि मागे ४० दात धरले, तर पुढचा एक कमी करणे म्हणजे मागे तीनहून थोडे अधिक दात वाढवण्यासारखे आहे. त्या बदल्यात महामार्गावर इंजिन अधिक फिरते आणि छोट्या स्प्रॉकेटवर चेन लवकर झिजते. दिवे चारऐवजी दोन, रिले आणि फ्यूजसह घ्यावेत. सायलेन्सरचे उत्तर खाली तिसऱ्या प्रश्नात आले आहे.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर त्याच वाटेने जाऊन फरक वहीत टिपावा. चार वस्तू एकदम बसवल्या, तर गाडी कशामुळे सुधारली आणि कशामुळे बिघडली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पैसे उरले तर ते चांगल्या बुटांवर खर्च करावेत.

प्रश्न : माझी उंची १५५ सेंमी आहे आणि मीही हीच गाडी चालवते. पाय नीट टेकत नाहीत म्हणून मेकॅनिक ‘लोअरिंग लिंक’ (मागच्या सस्पेन्शनचा सांधा बदलून गाडी खाली आणणारा भाग) बसवायला सांगत आहेत. बसवावी का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शक्यतो बसवू नये. लिंक बदलली की गाडीचा मागचा भाग खाली येतो, पुढचा तिथेच राहतो आणि हँडल सुस्त होते. ते सावरण्यासाठी फोर्कच्या नळ्या वर सरकवाव्या लागतात, म्हणजे गाडीच्या तळाचे जमिनीपासूनचे २२० मिमी अंतर (ग्राउंड क्लिअरन्स) दोन्हीकडून कमी होते. साइड स्टँड लांब पडून गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे पडू शकते, म्हणून तोही कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. एवढे करून मिळते ती उंची २५-३० मिमी. जवळजवळ तेवढीच उंची सीटच्या कामातून मिळते. सीटवाल्याकडून फोम २० मिमी तासून घ्यावा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद करवून घ्यावा, कारण मांड्या फाकल्या की पायाची लांबी वाया जाते. प्रीलोड सैल सोडून गाडी खाली बसवण्याची युक्ती कोणी सांगितली, तर ती ऐकू नये. अशी गाडी पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटते. दोन्ही पाय टेकण्याचा आग्रहही सोडावा. कंबर थोडी सरकवून एक पाय भक्कम टेकणे आणि थांबताना ज्या बाजूला जमीन उंच आहे तो पाय काढणे, याचा सराव रिकाम्या मैदानात चार-पाच वेळा केला, तर निम्मी भीती जाते.

प्रश्न : असे बदल कायद्याने चालतात का? माझ्या मित्राला सायलेन्सरसाठी दंड झाला.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे निकाल दिला. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर ध्वनिमर्यादेच्या कलम १९० मध्येही येतो आणि तिथे दंड १० हजारांपर्यंत जातो. सायलेन्सरला माझा विरोध दंडापुरता नाही : ज्या पाड्यांतून आपण जातो, तिथल्या लोकांनी एकदा वाट बंद केली की ती सगळ्यांसाठीच बंद होते. मूळ मापाचे टायर, हँडगार्ड, बॅश प्लेट आणि स्प्रिंग यांनी नोंदणीच्या तपशिलाला हात लागत नाही. तरीही बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवाव्यात. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. तिथे तसेच राखीव वनात, वाट मोकळी दिसली तरी, वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडी घालू नये.

प्रश्न : जुलैमध्ये ओढा ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडली. स्टार्टर मारला तर ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन अडकले. यासाठी कोणता बदल करावा?
— एक वाचक, घोटी

उत्तर : बदल नको, सवय हवी. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि स्टार्टरने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली की आधी चावी बंद करावी, गाडी ढकलून बाहेर काढावी, स्पार्क प्लग उघडावा, प्लगच्या भोकासमोर तोंड न ठेवता आणि प्लगची कॅप बाजूला सुरक्षित धरून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे आणि एअर फिल्टरचा डबा कोरडा करावा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये. प्लगचा पाना हत्यारांच्या पिशवीत आहे का, ते आजच पाहावे. इंजिन आताही अडकलेले असेल, तर पुन्हा स्टार्टर न मारता गाडी टेम्पोने गॅरेजमध्ये न्यावी.